ड्रायव्हरचं ताट

या रस्त्यावर पर्यटकाने कुठे जेवायचं हे पर्यटक ठरवत नाही. ड्रायव्हर ठरवतो. तलाव पाहून झाला, फोटो काढून झाले, पोरं भुकेने किरकिर करायला लागली, की मागच्या सीटवरून कोणीतरी विचारतं, "इथे बरं आणि स्वस्त काय मिळेल?" ड्रायव्हर आरशात बघून म्हणतो, "नेतो ना तुम्हाला चांगल्या ठिकाणी." चांगलं ठिकाण म्हणजे जिथे ड्रायव्हर फुकट जेवतो ते.

ही पद्धत कोणी सुरू केली हे कोणाला आठवत नाही आणि ती कोणी लपवतही नाही. प्रत्येक हॉटेलच्या मागे ड्रायव्हरांची एक खोली असते. तिथला पंखा पुढच्या पंख्यांपेक्षा जोरात फिरतो, आडवं व्हायला बाकडं असतं, आणि ताटात काही संपलं तर मागावं लागत नाही. ड्रायव्हर हात धुऊन निघतो. त्याच्या ताटाचा खर्च पुढे बसलेल्या प्रवाशांच्या बिलात वाटून जातो. बिल बघून प्रवासी म्हणतात, पर्यटनाची जागा आहे, महाग असणारच.

तलावाच्या अलीकडे, चढ संपतो त्या वळणावर एक खानावळ आहे. दाराशेजारी भिंतीवर रंगाने लिहिलं आहे: 'सर्वांना एकच दर. ड्रायव्हरसह.' शेवटचा शब्द नंतर घातलेला आहे, त्याचा रंग वेगळा दिसतो. खानावळ चालवणाऱ्या बाईंना सगळे एकदर काकू म्हणतात. आधी चिडवायला म्हणायचे. आता बँकेतला शिपाईसुद्धा त्याच नावाने हाक मारतो.

खानावळ म्हणजे काकूंच्या घराची पुढची खोली. लांब टेबलं, पाठ नसलेली बाकं, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीत एक चौकोनी खिडकी, जिच्यातून ताटं बाहेर येतात. जेवणात भात, डाळ आणि एक भाजी. कोणाला हवं असेल तर वर अंडं. भाजी कोणती हे काकू सकाळी ठरवतात आणि ठरवताना कोणाला विचारत नाहीत. काकूंचे यजमान आचारी. कंबर गेल्यापासून ते स्टुलावर बसून चिरतात, निवडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे मारतात. "कागदावर मालक मी," ते सांगतात, "आणि कागद तिच्या कपाटात." वाढायचं काम सुनेचं. मुलगा ड्रायव्हर आहे.

मुलगा ड्रायव्हर आहे, ही या गोष्टीतली अडचण.

सासऱ्यांच्या वेळेपासून या खानावळीतही ड्रायव्हर फुकटच जेवत होते. काकूंनीही लग्न होऊन आल्यापासून त्यांना वाढलं. मग एका हंगामात त्यांनी ते बंद केलं. कारण विचारलं तर त्या एवढंच सांगतात, "भात पुरत नव्हता." झालं होतं असं की हॉटेलांत खोल्या साफ करणाऱ्या बायका, तलावावरचे नावाडी आणि रस्त्याचे मजूर उशिरा जेवायला यायचे. तोवर पर्यटक आणि त्यांचे ड्रायव्हर जेवून गेलेले असायचे आणि पातेल्याचा तळ दिसायला लागलेला असायचा. दर वाढवून जास्त शिजवता आलं असतं. पण दर वाढला असता तर या बायका आल्याच नसत्या.

"पैसे देणारा उपाशी आणि फुकटा ढेकर देतोय," काकू म्हणाल्या. "हे कुठलं गणित?"

"अगं, सगळीकडे हेच चालतं," यजमान म्हणाले.

"सगळीकडे चालू दे. इथे दार माझं आहे."

दुसऱ्या दिवशी भिंतीवर तो शब्द आला. ड्रायव्हरांनी तो वाचला, हसले, जेवले, आणि काकूंनी खिडकीतून हात पुढे केला. ज्याच्यापुढे पहिल्यांदा हात आला तो स्टँडवरचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. त्याला सगळे हॉर्न म्हणतात, कारण तो गाडीत असो वा नसो, त्याचा आवाज वळणापलीकडे ऐकू जातो.

"काकू, चेष्टा करताय?"

"चेष्टा करायला वेळ कुठे आहे? मागे रांग बघा."

हॉर्नने पैसे टाकले आणि बाहेर जाऊन जे बोलला ते खरोखरच वळणापलीकडे ऐकू गेलं. त्या दिवसापासून प्रवाशांची एकही गाडी वळणावर थांबली नाही.

खानावळ मात्र बंद पडली नाही. खोल्या साफ करणाऱ्या बायकांना भात पुरायला लागला तशा त्या आणखी बायकांना घेऊन आल्या. नावाडी आले. हॉटेलांतले वेटरसुद्धा सुट्टीच्या दिवशी इथे येऊन जेवायला लागले; ज्या हॉटेलात ते वाढतात तिथलं त्यांना परवडत नाही. आणि नाव चालवताना नावाडी बोलतो. पाण्याच्या मधोमध पर्यटकाने विचारलं की तुम्ही कुठे जेवता, तर तो सरळ वळणाकडे बोट दाखवतो. पर्यटक तलावावरून चालत वर यायला लागले. धापा टाकत यायचे, जेवायचे आणि दर ऐकून पुन्हा विचारायचे, "एकाचा की सगळ्यांचा?"

हे हॉटेलवाल्यांना खपण्यासारखं नव्हतं. ड्रायव्हर रुसला तर तो ड्रायव्हरचा प्रश्न. पण खाली बिल देताना पर्यटक "वर तर एवढ्यातच पोट भरतं" असं म्हणायला लागला, तर तो हॉटेल मालक संघाचा प्रश्न. संघाचे अध्यक्ष म्हणजे काकूंचे धाकटे दीर. तलावाच्या काठावरचं, काचेच्या भिंतीचं मोठं हॉटेल त्यांचं.

संघाने रस्त्याचं सुशोभीकरण काढलं. सुशोभीकरण नेमकं वळणावर सुरू झालं आणि वळणावरच संपलं. सिमेंटच्या कमरेएवढ्या कुंड्या आल्या आणि खानावळीसमोर अशा बसल्या की दोन कुंड्यांमधून माणूस आडवा होऊन जाईल, पण गाडी वळणार नाही. त्यांत लाल फुलं लावली. दीर स्वतः पाहायला आले.

"वहिनी, रस्ता कसा दिसतोय?"

"छान दिसतोय, भाऊजी. पाणी कोण घालणार?"

"संघ घालेल ना."

"रोज घाला हं. फुलं माझ्या दारात वाळली तर लोक म्हणतील, काकूंची नजर लागली."

यजमान आतून ओरडले, "अरे, एखादी कुंडी तुझ्या दारात पण ठेव! तुझं सुशोभीकरण कधी होणार?"

कुंड्यांमुळे गिऱ्हाईक कमी झालं नाही. ते चालतच येत होतं. त्रास झाला तो सिलिंडरचा आणि तांदळाच्या पोत्यांचा. टेंपो दारापर्यंत येईना. चढावरून काकू आणि सून पोती ओढत आणू लागल्या. सून दमली की एखाद्या कुंडीला टेकून उभी राहायची आणि मोठ्याने म्हणायची, "अध्यक्षसाहेबांची कृपा, टेकायला तरी सोय केली." खाली ऐकू जावं इतक्या मोठ्याने.

मग संघाने आणि स्टँडने मिळून काकूंच्या मुलाला धरलं.

ड्रायव्हरांच्या स्टँडवर पत्र्याच्या शेडमध्ये एक फळी आहे. फळीवर खिळे आणि प्रत्येक खिळ्याला पत्र्याचा एक बिल्ला. बिल्ल्यावर गाडीचा नंबर. गाडी भाड्यावर गेली की बिल्ला शेवटच्या खिळ्यावर जातो आणि बाकीचे एकेक खिळा पुढे सरकतात. पाळी मोडायची सोय एकच: प्रवाशाने स्वतः येऊन अमुक गाडी हवी असं सांगितलं, तर ती गाडी सुटते. बाकी सगळं त्या फळीवर. एके सकाळी मुलगा स्टँडवर गेला तर त्याचा बिल्ला फळीवर नव्हता. तो खाली, जमिनीजवळच्या एका खिळ्यावर लटकत होता. त्या खिळ्यावर दुरुस्तीला गेलेल्या गाड्यांचे बिल्ले लावतात.

"माझी गाडी नीट आहे," मुलगा म्हणाला.

"गाडी नीट आहे," हॉर्न म्हणाला. "घर नादुरुस्त आहे. आईला सांग, ड्रायव्हरचं ताट सुरू कर. त्याच दिवशी बिल्ला वर."

मुलगा घरी आला आणि जेवायच्या बाकावर बसला. सुनेने ताट आणलं नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघून ती खिडकीपाशीच थांबली.

"आई, गाडीचा हप्ता तू भरणार आहेस का?"

"मी का भरू? गाडी तुझी."

"मग माझी पाळी का बुडवतेस?"

"मी बुडवली? फळीवर खिळे मी ठोकले?"

"एका ताटाचा प्रश्न आहे गं! एक ताट! काय जातं तुझं?"

"एका ताटाचा नाही. आज तुझ्या स्टँडचं ताट, उद्या पोलिसाचं, परवा संघाचं. मग जेवायला तेवढेच राहतील आणि पैसे द्यायला त्या झाडूवाल्या बायका."

"तू फार मोठी लागून गेलीस."

"मोठी कसली? दार केवढं आहे बघ ना. गाडी तरी शिरते का त्यात?"

यजमान हसले, मुलगा हसला नाही. सूनही हसली नाही. तिने पहिल्यांदा सासूच्या विरुद्ध तोंड उघडलं. "आई, तुमचं बरोबर आहे. पण हट्ट तुमचा आणि घरी बसलाय तो. दिवसभर मी बघतेय सगळं. हा माणूस गाडी पुसून पुसून रंग काढेल."

हंगाम ऐन भरात होता. तलावावर उभं राहायला जागा नव्हती, स्टँडवर प्रवासी रांग लावून होते आणि मुलगा कुंड्यांबाहेर रस्त्याकडेला चकचकीत गाडीजवळ बसून होता. दीर निरोप पाठवत होते: वहिनींनी फक्त तो एक शब्द पुसावा, बाकी आम्ही बघतो. स्टँड आणि संघ एकाच माळेचे मणी झाले होते.

एका सकाळी काकूंनी भाताचं पातेलं सुनेच्या हवाली केलं, चांगली साडी नेसली आणि मुलाला म्हणाल्या, "गाडी काढ. स्टँडवर चल."

"भांडायला?"

"छे. फिरायला."

स्टँडवर काकू गाडीतून उतरल्या, शेडमधल्या पावतीच्या खिडकीपाशी गेल्या आणि भाड्याचे पैसे पुढे सरकवले.

"मला तलावावर जायचंय. गाडी ही हवी."

खिडकीतल्या माणसाने हॉर्नकडे पाहिलं. हॉर्नने काकूंकडे पाहिलं. "काकू, हे काय नाटक?"

"नाटक कसलं? प्रवासी आहे मी. प्रवाशाने गाडी मागितली तर पाळी लागत नाही, हा नियम तुमचाच ना? की तोही दुरुस्तीला टाकलाय?"

मागे रांगेत पर्यटक उभे होते. त्यातले दोघे हसले. हॉर्नने पावती फाडायला सांगितली.

उतार संपून तलाव आला तेव्हा मुलगा म्हणाला, "आता काय दाखवू? पाणी?"

"पाणी बघितलंय मी. भूक लागलीय. चांगल्या ठिकाणी ने."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही सगळे नेता तिथे. भाऊजींकडे."

काचेच्या भिंतीच्या हॉटेलात काकू मधल्या टेबलावर बसल्या. दिराच्या हॉटेलात त्या याआधी उद्घाटनाला गेल्या होत्या, तेव्हा जेवण मोफत होतं. आज मेनू कार्ड पुढे आलं. ते आणणारा वेटर सुट्टीच्या दिवशी काकूंकडे जेवणारा.

"काकू, तुम्ही? इथे?" तो खाली वाकून म्हणाला. "इथलं नका खाऊ, महाग आहे."

"माहीत आहे. घेऊन ये. भात, डाळ, भाजी."

त्या सावकाश जेवल्या. बिल आलं. काकूंनी ते वाचलं आणि वेटरला विचारलं, "ड्रायव्हर कुठे जेवतात रे?"

"मागे. त्यांना फुकट असतं."

"फुकट म्हणजे पैसे कोण देतं?"

वेटरने खांदे उडवले आणि गल्ल्याकडे पाहिलं. गल्ल्यावर दीर बसलेले होते. त्यांनी वहिनींना आत येतानाच पाहिलं होतं आणि तेव्हापासून ते मोबाइलमध्ये डोकं घालून होते.

काकूंनी बसल्या जागेवरून आवाज दिला. "भाऊजी, एक विचारायचं होतं. माझ्या बिलात माझ्या ड्रायव्हरचं ताट धरलंय. ते कमी करा. तो जेवलेला नाही. मी त्याला सांगितलंय, गाडीतच बस."

हॉटेल भरलेलं होतं. शेजारच्या टेबलावर एक मोठं कुटुंब होतं; त्यांचे चमचे थांबले.

वेटर कानाशी येऊन कुजबुजला, "काकू, तो जेवतोय. मागे."

काकूंनी वळून पाहिलं. ड्रायव्हरांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत इतर ड्रायव्हरांच्या ओळीत त्यांचा मुलगा बसला होता आणि भात कालवत होता. त्याला आईने गाडीत बसायला सांगितलं होतं हे खरं. पण गाडी हॉटेलच्या आवारात लावली की पाय मागच्या खोलीकडे वळतात. बऱ्याच दिवसांनी भाडं लागलं होतं आणि सवय मोडलेली नव्हती.

शेजारच्या टेबलावरची मुलं खिदळली. दिरांनी मोबाइल खाली ठेवला. त्यांचा चेहरा उजळला होता. "बघा वहिनी! पोटचं पोर पण जेवतंय. आता काय कमी करू?"

काकूंना एक क्षण लागला. एकच.

"जेवतोय ना? मग पैसे देईल. ए, बाहेर ये!"

मुलगा उष्ट्या हाताने दारात आला. त्याच्यामागे बाकीच्या ड्रायव्हरांची तोंडं.

"किती झाले विचार आणि दे."

"आई, इथे कोणी देत नाही."

"आपल्याकडे देतात. तुझ्या आईच्या दारात ड्रायव्हरने पैसे द्यायचे आणि काकाच्या दारात द्यायचे नाहीत, असं कसं? दे."

"वहिनी, मी घेणार नाही," दीर म्हणाले.

"मग माझ्या बिलातून कमी करा."

"ते तसं वेगळं काढता येत नाही."

"का नाही? ताट आहे, त्यात भात आहे, भाताला पैसे पडतात. कोणीतरी देतंच ना? तो देतो, नाहीतर मी देते. दोघांपैकी एकाचं नाव सांगा."

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ खुर्ची वळवून म्हणाले, "एक मिनिट. आमच्या ड्रायव्हरचंही आमच्याच बिलात आहे का?"

"नाही, नाही, साहेब, तसं काही नसतं," दीर घाईने म्हणाले.

"नसतं?" काकू म्हणाल्या. "मग झालंच. घ्या त्याच्याकडून."

"वहिनी, आत चला. ऑफिसात बसून बोलू."

"इथेच बोला. खुर्ची बरी आहे तुमची, पाठ टेकते."

आणखी दोन टेबलांवर बिलं उलटीसुलटी करून पाहिली जात होती. कोणीतरी मॅनेजर कोण आहे म्हणून विचारलं. दिरांसमोर दोनच रस्ते होते. काकूंचं बिल कमी केलं असतं तर सगळ्या टेबलांची बिलं कमी करावी लागली असती. त्यांनी दुसरा रस्ता धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वेटरला म्हणाले, "घे रे बाबा. घे याच्याकडून ताटाचे पैसे. झालं समाधान?"

मुलाने डाव्या हाताने खिशातून पाकीट काढलं. वेटरने पैसे घेतले.

परत जाताना चढावर मुलाने एवढंच विचारलं, "झालं तुझं?"

"पोट भरलं का तुझं?" काकू म्हणाल्या.

"अर्धं राहिलं ताटात."

"पैसे दिलेलं अन्न टाकलंस? मूर्ख आहेस."

पुढे जे झालं ते काकूंच्या डोक्यात नव्हतं, हे त्या स्वतःच सांगतात. त्यांना पर्यटकांसमोर दिराला बोलायला लावायचं होतं, इतकंच. पण मागच्या खोलीतल्या ड्रायव्हरांनी जे पाहिलं ते वेगळंच होतं. त्यांनी पाहिलं की तलावावरच्या सर्वांत मोठ्या हॉटेलने, संघाच्या अध्यक्षाने, एका ड्रायव्हरकडून ताटाचे पैसे घेतले. जेवता जेवता उठवून घेतले. ही बातमी गाड्यांपेक्षा वेगाने वर आली. स्टँडवर हॉर्नचा आवाज चढला, आणि या वेळी तो काकूंविरुद्ध नव्हता. "आज याच्याकडून घेतले, उद्या आपल्याकडून घेतील! आपल्या माणसाला उष्ट्या हाताने उभं केलं!"

ज्याला त्यांनी जमिनीजवळच्या खिळ्यावर टांगलं होतं, तो एका जेवणात त्यांचा माणूस झाला. संध्याकाळी बिल्ला फळीवर होता. काचेच्या हॉटेलाकडे गाड्या जाईनाशा झाल्या. दिरांनी संघामार्फत खुलासा काढला की तो प्रकार कौटुंबिक होता. स्टँडने तो मान्य केला नाही.

हॉर्न दोघांना घेऊन वळणावर आला. कुंड्यांमधून आडवा होऊन शिरला. पोट असल्यामुळे त्याला वेळ लागला. यजमान कांदा चिरत बघत होते. "सावकाश," ते म्हणाले, "तुमचं मोजमाप घेऊनच बसवल्यात त्या."

हॉर्न बाकावर बसला. "काकू, झालं गेलं सोडा. स्टँडचं ठरलंय. आजपासून सगळ्या गाड्या तुमच्याकडे. कुंड्या आम्ही हलवतो, हात लावायला चाळीस माणसं आहेत. तुमची खोली लहान पडेल इतके प्रवासी आणतो."

सून खिडकीत उभी होती. तिचा चेहरा सैल पडला. पोती आठवली असावीत.

"आणा," काकू म्हणाल्या. "दर बाहेर लिहिलाय."

"हो, हो, प्रवाशांना दर तोच. मी फक्त आमच्या ताटाचं…"

"तेही लिहिलंय. शेवटचा शब्द."

"काकू, आम्ही तुमच्या बाजूने भांडतोय!"

"माझ्या बाजूने कुठे? तुमच्या ताटासाठी भांडताय. भांडा. पण माझ्याकडे जेवलात तर द्यायचे."

मुलगा नुकताच पाळी करून आला होता. दारात उभा राहून ऐकत होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. हॉर्नने तर जागा करून दिली, आपला माणूस म्हणून. मुलगा बसला, खिडकीकडे बघून म्हणाला, "एक ताट. आणि अंडं." मग त्याने आधी पैसे काढून टेबलावर ठेवले.

हॉर्न उठला. कुंड्यांतून परत जाताना त्याने मान वळवून सांगितलं, "स्टँडवर विचारून कळवतो."

कुंड्या तिथेच आहेत. मुलाची पाळी येते. स्टँडने अजून कळवलेलं नाही, आणि दरात फरक नाही.